अकरावा दगड

मासळीबाजारात तुम्ही पाहिलं असेल, जाणती बाई मासा घेण्याआधी अंगठ्यानं दाबून बघते. पडलेला खळगा लगेच भरून आला तर मासा ताजा. तसाच राहिला, तर ती काही न बोलता पुढच्या पाटीकडे सरकते. मावशी दगडसुद्धा असाच दाबून बघायच्या.

पिशवीत हात घालायचा, न बघता एक दगड काढायचा, तळहातावर पालथा ठेवायचा आणि अंगठ्यानं दोनदा दाबायचा. दगडाला खळगा पडत नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी दाबल्याशिवाय त्यांनी एकही दगड कधी उलटला नाही. मग म्हणायच्या, "ताजं हाय." नाहीतर, "शिळं हाय, सर. आज नको." शिळा ठरलेला दगड त्या न बघताच परत पिशवीत टाकत.

मी एकदा विचारलं, "मावशी, दगड शिळा कसा असेल?"

"दगड नाय ओ शिळा. इचारनारा शिळा. कालचंच आज परत इचारायला आलं, की दगड नवीन काय सांगनार?"

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारी आमची कंपनी. मी तिथल्या प्रयोगशाळेत राखीव नमुने सांभाळतो. प्रत्येक बॅचमधली एक बाटली बाजूला काढायची, लेबल लावायचं आणि थंड खोलीतल्या फळीवर ठेवायची. पुढे कुणी मालाबद्दल तक्रार केली तर ती उघडून तपासता यावी म्हणून. मुदत संपून वर आणखी एक वर्ष होईपर्यंत बाटली हलवायची नाही. खोलीला खिडकी नाही. दार आपोआप लागतं. माझ्या नोकरीची बारा वर्षं बरीचशी त्या खोलीत गेली.

मावशी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायच्या. समुद्राकाठच्या गावाहून सकाळी दोन रिक्षा बदलून यायच्या. त्यांच्या हातून बारा वर्षांत एकही ब्युरेट फुटली नाही, आणि आमच्या हातून फुटली की त्या तुकडे गोळा करता करता म्हणायच्या, "शिकलेले हात." एवढंच. पुढे काही नाही. त्या दोन शब्दांनी आम्ही आठवडाभर जपून वागायचो.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. नाव कागदावर चढलं की कुठल्या ना कुठल्या यादीत जातं, असं त्या म्हणत. याद्यांचं त्यांच्या घराशी काय नातं होतं ते पुढे येईलच.

दगड माझ्या बायकोचे होते.

ती आजारी असताना तिनं ते मागवले होते. निळ्या कापडाची पिशवी आणि आत बोराएवढे चोवीस गुळगुळीत दगड. प्रत्येकावर एक खूण कोरलेली. तिनंच मला सांगितलं की ही युरोपच्या पार उत्तरेकडच्या जुन्या लोकांची अक्षरं आहेत. त्यांना रून म्हणतात. प्रत्येक अक्षराला नाव आहे, आणि त्या नावाचा अर्थ आहे: गुरं, काटा, प्रवास, गारा, सूर्य, पाणी. मनात प्रश्न धरायचा, पिशवीतून न बघता दगड काढायचे आणि अर्थ लावायचा. मला हसू आलं होतं. ती म्हणाली, "हसू नकोस. डॉक्टरांच्या कागदांपेक्षा हे वाचायला बरं आहे."

तिनं त्यासाठी एक वही केली. क्रमानं रोज एक दगड, रोज एक पान. वर खूण, खाली नाव, त्याखाली तिच्या बारीक, तिरक्या अक्षरात अर्थ. दहा दिवसांत दहा पानं झाली. अकराव्या पानावर फक्त एक उभी रेघ आहे आणि खाली एकच शब्द, "बर्फ". पुढे वही कोरी आहे.

कित्येक महिने मला वाटत होतं, की ती रेघ म्हणजे अर्धवट राहिलेली खूण. हात थकला असेल, नंतर पुरी करू म्हणाली असेल. पुढे मी या विषयावरचं इंग्रजी पुस्तक आणलं, तेव्हा कळलं की अकरावी खूण एवढीच असते. एक उभी रेघ. खूण तिनं पूर्ण काढली होती. राहिला तो अर्थ.

ती गेल्यावर पिशवी घरी ठेवायला नको वाटे आणि टाकवत तर नव्हतीच. म्हणून मी ती डब्याबरोबर कंपनीत नेऊ लागलो. जेवणाच्या सुट्टीत थंड खोलीत बसायचो, दगड स्टूलवर मांडायचो, वही उघडायचो. तिथे कुणी येत नसे. एकदा मावशी धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे घेऊन आल्या.

"काय सर, सागरगोटे खेळताय?"

मी ओशाळलो. काय सांगावं ते सुचेना, म्हणून सगळंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दगडांकडेच बघत होत्या.

"ह्या तर खुना," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात जाळ्याच्या तरंग्यावर ज्याच्या त्याच्या घराची खूण असते. कोनाची फुली, कोनाचा बाण, कोनाचा चौकोन. पान्यात लांबून दिसली तरी कळते कोनाचं जाळं. अक्षरं मला नाय येत, सर. खुना येतात."

चार सुट्ट्यांत त्यांना चोवीसच्या चोवीस खुणा पाठ झाल्या. मला दोन महिने लागले होते, आणि तरीही घोडा आणि माणूस यांत माझी गल्लत होत असे.

पण अर्थ मात्र त्यांना माझे पटत नसत. घोड्याच्या खुणेला पुस्तकात जोडीदार, वाहन, वाटचाल असं काहीबाही दिलं होतं. मावशी म्हणाल्या, "घोडा कोनी पाहिलाय आमच्यात? बोट धरा." त्या दिवसापासून घोडा म्हणजे मासेमारीची बोट. पाण्याच्या खुणेला पुस्तकात मनातल्या खोल भावना म्हटलं होतं. त्या खुदकन हसल्या. "पानी म्हनजे पानी, सर. भरती हाय का ओहोटी, एवडंच बगायचं." खूण सुलटी आली तर भरती, उलटी आली तर ओहोटी. गुरांची खूण म्हणजे संपत्ती, हे त्यांनी मान्य केलं, पण गुरांच्या जागी म्हावरं, म्हणजे मासळी, आलं. गारांच्या खुणेवर त्या गंभीर झाल्या. "हा वाईट. वलांडीवर बोंबील असताना आभाळ फाटलं तर काय ऱ्हातं?" सुक्या बोंबलाच्या बांबूच्या वलांड्या मी रस्त्यावरून जाताना पाहिल्या होत्या. त्यांच्याकडे बघून कुणी आभाळाला भितं, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

"पण पुस्तकात तसं नाही, मावशी."

"पुस्तक लिवनारा कदी दर्यावर गेलाय?"

मी पुस्तक मिटायचो.

हळूहळू प्रयोगशाळेत बातमी पसरली. बिहारचा एक तरुण केमिस्ट दारातून डोकं घालून म्हणाला, "मौसी, हमारा भी एक पत्थर निकालो ना. प्रमोशन होगा कि नहीं?" मावशींनी दगड काढला, दाबला, उलटला, आणि त्याच्याकडे वर-खाली पाहिलं. "पत्थर एकदम ताजा है. पर तू दोपहर को आँख मूँदके टायट्रेशन करता है, पत्थर क्या करेगा?" तो महिनाभर परत आला नाही.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही काही दिवस तसंच वाटलं.

मावशींचा एकुलता एक मुलगा गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. लग्नाला दोन महिने झाले होते. बोट पाण्यातली हद्द ओलांडून गेली, असं पलीकडच्यांचं म्हणणं. नाही गेली, असं बोटमालकाचं म्हणणं. पाण्यावर रेघ नसते. बोट धरली, माणसं धरली, आणि तेव्हापासून तो सीमेपलीकडच्या तुरुंगात होता. वर्षातून एखादं पत्र यायचं, कुणीतरी उघडून वाचून पुन्हा चिकटवलेलं. ते मावशी माझ्याकडून वाचून घ्यायच्या. "मी बरा आहे. इथे आपल्याकडचे बरेच जण आहेत. सगळ्यांना नमस्कार." प्रत्येक पत्रात जवळपास हेच. अधूनमधून काही जणांना सोडायचं ठरे, नावांची यादी येई, आणि तीही मीच वाचायचो. त्यांचा मुलगा कुठल्याच यादीत नव्हता. चार वर्षं झाली होती.

त्यांनी मुलासाठी पहिल्यांदा दगड काढला तो दिवस मला आठवतो. दोनदा दाबून त्या म्हणाल्या, "ताजं हाय." उलटला. उभी रेघ.

मी वही उघडून अकरावं पान त्यांना दाखवलं. मग पुस्तकात बघून सांगितलं, "बर्फ. थांबणं, गोठणं. काही हलत नाही. चांगली खूण नाही, मावशी." ही खूण उलटी येत नाही, हेही सांगितलं. कशीही धरली तरी तशीच. सुटायला जागा नाही.

त्या म्हणाल्या, "बर्फ वाईट कसा, सर?"

आणि त्यांनी मला बर्फ समजावून सांगितला. बोट निघायच्या आधी बर्फाच्या लाद्या येतात. त्या फोडून बोटीच्या पोटातल्या खणात भरतात. म्हावऱ्याचा एक थर, बर्फाचा एक थर. आठ-दहा दिवस बोट पाण्यावर. बर्फ नसता तर दुसऱ्या दिवशी सगळं समुद्रात फेकावं लागलं असतं. "बर्फ हाय म्हनून म्हावरं घरी येतं," त्या म्हणाल्या. त्यांनी दगड मुठीत धरला. "माजा पोर बर्फात हाय. थांबलाय, पन सडला नाय. टिकेल. घरी येईल."

तो अर्थ मला फार आवडला, हे मी आज कबूल करतो. बायकोचं कपाट मी सात महिने उघडलं नव्हतं. तिचा दात घासायचा ब्रश तिथेच होता, तिच्या चपला दाराशी होत्या. लोक म्हणायचे, आवरा आता. त्या संध्याकाळी घरी गेलो आणि पहिल्यांदाच त्या चपलांकडे बघून मला अपराधी वाटलं नाही. थांबलंय, पण सडलं नाही.

आम्ही दोघंही बर्फावर खूश झालो.

मग तो दगड येत राहिला. चोवीसातला एक, किती वेळा येणार? कदाचित तो आला तेवढंच आम्ही लक्षात ठेवलं असेल. पण मावशी आता दर आठवड्याला विचारू लागल्या, आणि "शिळं हाय" म्हणणं त्यांनी सोडून दिलं.

त्यांची सून तेवीस वर्षांची होती. माहेर एडवणचं. लग्नाआधी पालघरला नर्सिंगचं शिकत होती, ते अर्धं सुटलं होतं. दोन महिन्यांचा संसार आणि चार वर्षांची वाट. तिची आई आणि भाऊ एकदा मावशींकडे आले. तिला घेऊन जातो म्हणाले. तिचं शिक्षण पुरं होऊ दे, पुढचं पुढे बघू.

मावशी मला दुसऱ्या दिवशी सांगत होत्या. "विहीन माजी म्हनते, पोरीचं वय चाललंय. मी म्हटलं, उद्या दगडाला इचारते. दगड बोलला तर न्या."

"मावशी, अशा गोष्टी दगडाला..."

"तुमीच शिकवलंत ना, सर?"

त्यांनी पिशवीत हात घातला. उभी रेघ.

"बगा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "टिकव म्हनतो."

त्या क्षणी मी पुस्तकातला अर्थ पुन्हा सांगू शकलो असतो. म्हणू शकलो असतो की ही बर्फाची खूण तुमच्या सुनेबद्दल काहीच सांगत नाही, एक दगड काही सांगत नसतो. मी बाटल्यांची लेबलं नीट करत राहिलो. त्यांचा अर्थ मोडला असता तर माझाही मोडला असता.

सून राहिली. मावशी तिचं कौतुक सांगायच्या. "सूनबाय माजी सोन्याची. उंबरा ओलांडत नाय. तो आला तर घरात बायको नको?" मामेबहिणीच्या लग्नाला ती गेली नाही. बाजाराला गेली नाही. दारात बसून सुक्या मासळीच्या जुड्या बांधायची. हे सगळं मी डबा खाता खाता ऐकायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, की खोलीचं दार आपोआप लागतं तसं काहीतरी लागतंय, आणि किल्ली माझ्या पिशवीत आहे.

एक दिवस पहिल्या पाळीच्या सुट्टीला, गेटबाहेर बसेसची गर्दी असताना, एका मुलीनं मला हाक मारली. "सर, तुमीच दगडवाले ना?"

मी मावशींची सून तोवर कधी पाहिली नव्हती. सडपातळ, डोळ्यांखाली काळं. डॉक्टरकडे जाते असं सांगून ती आली होती. चार वर्षांत पहिल्यांदा बोईसरला.

"आई वाईट नायत, सर," तिनं बोलायला सुरुवात केली ती इथूनच. "माज्या ताटात आदी वाडतात, मग सोताच्या. मला रडताना पाहिलं की माजं डोकं मांडीवर घेतात. पन सोडत नायत."

"तुला जायचंय का?"

मागे बसवाला हॉर्न वाजवत होता.

"मला ठाऊक नाय. त्यांचं तोंडसुदीक मला नीट आठवत नाय आता. फोटो बगून आठवायला लागतं. म्हनून मला रडायला येतं, आईंना वाटतं त्यांच्यासाठी रडते." मग तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "जायचं का ऱ्हायचं ते मी ठरवीन, सर. नायतर आईंनी ठरवू दे. दगडानं नाय. तो उब्या रेघेचा दगड तेवडा काडून टाका ना पिशवीतून."

मी हो म्हणालो. सोपं होतं. त्याच दिवशी मी अकरावा दगड काढून पँटच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पिशवी उचलली. हात आत घालण्याआधीच त्या थांबल्या. पिशवी तळहातावर एकदा वर-खाली केली. वर्षानुवर्षं ज्यांनी मासळीची पाटी नुसती उचलून वजन सांगितलं, त्यांच्यासमोर मी एक दगड लपवायला निघालो होतो.

"एक कमी हाय."

मी डब्याचं झाकण लावू लागलो.

"कोनता, सर?"

मी खिशातून काढून तो त्यांच्यापुढे धरला. सून भेटल्याचंही सांगितलं. मला वाटलं, त्या भडकतील. त्यांनी दगड घेतला आणि अंगठ्यानं दाबत राहिल्या. दोनदा नाही. कितीतरी वेळ.

"माज्या घरात माज्याशी बोलली नाय," त्या शेवटी म्हणाल्या. "बोईसरला येऊन तुमच्याशी बोलली."

दगड त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवला आणि भांडी धुवायला गेल्या. त्या दिवशी त्यांच्या हातून एक फ्लास्क फुटला. कुणी "शिकलेले हात" म्हणालं नाही.

त्याच आठवड्यात जुने नमुने काढायचे होते. वर्षातून दोनदा ते काम येतं. मुदत संपलेल्या बाटल्या फळीवरून उतरवायच्या, यादीशी ताडून बघायच्या आणि नष्ट करायला पाठवायच्या. मदतीला मावशी होत्या. त्यांनी एक बाटली उचलून दिव्यासमोर धरली. आतली पूड पांढरीशुभ्र होती.

"हे चांगलं दिसतंय, सर. का टाकता?"

"मुदत संपली, मावशी."

"खराब झालं?"

"दिसायला नाही. पण ते औषध आता कुणाला देता येणार नाही."

"मग एवडी वर्सं थंडीत कशाला ठेवलं?"

"तक्रार आली असती तर दाखवायला. आम्ही नीट ठेवलं होतं एवढं सिद्ध करायला."

त्यांनी बाटली खाली ठेवली, मग दुसरी उचलली, तिसरी उचलली. मग तिथेच स्टूलवर बसल्या. कमरेची पिशवी उघडून त्यांनी उभ्या रेघेचा दगड काढला आणि तळहातावर ठेवला. मी म्हणालो, "मावशी, बाहेर बसा, इथे गार आहे." त्यांना ते ऐकूच गेलं नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "मी तुमाला अर्दंच सांगितलं होतं. बर्फात म्हावरं टिकतं. खरं हाय. पन बर्फातलं म्हावरं पोवत नाय."

त्यांनी दगड उलटा फिरवला. रेघ तशीच.

"त्याला मी नाय ठेवलं बर्फात. त्याला दुसऱ्यांनी ठेवलं. तिला मी ठेवलं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण हातात दगड होता. मग अचानक मला विचारलं, "तुमी काय ठेवलंय, सर?"

मी कपाटाचं सांगितलं. चपलांचं सांगितलं. ब्रशचं सांगायला लाज वाटली, तेही सांगितलं.

"तुमचा बर्फ येगळा, माजा येगळा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "माजा पोर जिता हाय. तुमचं मानूस गेलं, सर. दाबून बगा. खळगा भरत नाय."

इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या सख्ख्या भावानंही नाही. मला राग यायला हवा होता. मी तिथे, बाटल्यांच्या खोक्यांमध्ये, एक वर्षानं पहिल्यांदा मोकळेपणानं रडलो. मावशी शेजारी बसून राहिल्या आणि मधून मधून म्हणत राहिल्या, "ताजं हाय. ताजं हाय. होऊ द्या."

त्याच आठवड्याच्या रविवारी त्या स्वतः सुनेला घेऊन एडवणला गेल्या. हे मला त्यांनीच सांगितलं, डबा उघडता उघडता, जणू बाजाराला जाऊन आल्या. निघताना सून पायरीवरच बसली. जाणार नाही म्हणाली. चार वर्षं उंबऱ्याआड राहिलेली पोरगी जायची वेळ आल्यावर हलेना. "मी तुमाला एकटीला नाय सोडनार, आई." मावशींनी तिची पिशवी स्वतः उचलली, दाराला कडी लावली आणि म्हणाल्या, "ऊठ पोरी. वाट बगायला एक मानूस बास हाय."

विहिणीनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या रिक्षात त्यांना झोप लागली. चार वर्षांत दिवसा झोप लागली नव्हती, म्हणाल्या.

"आणि तो आला, आणि घरात ती नसली तर?" मी विचारायला नको होतं.

"तर माज्यावर रागवेल," मावशी म्हणाल्या. "येऊ तर दे रागवायला."

त्यानंतर दोन वर्षं त्या कामावर येत होत्या. यादी आली की मी वाचायचो, त्या ऐकायच्या, मी मान हलवायचो, त्या बाटल्यांचा ट्रे उचलायच्या. दगड मात्र त्यांनी पुन्हा कधी काढले नाहीत. अकरावा त्यांच्याकडेच होता. पिशवीत तेवीस. मीही वहीत पुढे काही लिहिलं नाही. बायकोचं कपाट मी त्या दिवाळीच्या आधी रिकामं केलं. साड्या तिच्या बहिणींना दिल्या. चपला द्यायला कुणी नव्हतं, तेव्हा त्या मी स्वतः कचऱ्यात नेऊन ठेवल्या आणि घरी येऊन खूप वेळ हात धूत बसलो.

मावशींच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका सोमवारी त्या आल्या नाहीत. बुधवारी कळलं, की त्या गेल्या. मी गावात पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. घराला कडी होती. बाहेरच्या वलांड्या रिकाम्या होत्या, आणि दोरीवर एक जुना तरंगा लटकत होता. त्यावर कोरलेली फुली होती. त्यांच्या घराची खूण मला तेव्हा प्रथम कळली. आमच्या चोवीसात फुलीही आहे. पुस्तकात तिचा अर्थ दिलाय, भेट. इतक्या दिवसांत त्यांनी कधी म्हटलं नाही, की ही माझी.

पंधरा दिवसांनी त्यांची सून कंपनीच्या गेटवर उभी होती. अंगावर पांढरा गणवेश. पालघरच्या एका लहान दवाखान्यात ती लागली होती. दर रविवारी ती मावशींकडे जात असे, हे मला तोवर माहीत नव्हतं. दोघींपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं रुमालाची गाठ सोडली.

"आईंनी दिलाय. शेवटच्या रविवारी. म्हनाल्या, सरांना दे. त्यांना यादी वाचता येते."

"आणखी काही?"

"म्हनाल्या, एक मानूस बास हाय."

ती पाच वाजताच्या गाडीनं गेली. मी तिला थांबवलं नाही, काही विचारलं नाही. तिच्यावर ते ओझं नको म्हणूनच मावशींनी तो दगड माझ्याकडे पाठवला होता, एवढं मला कळत होतं.

मी ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याचा आवाज ऐकला नाही, त्याची वाट आता मी बघतो. वर्षातून एखादं पत्र येतं, ते गावातला पोस्टमन माझ्या पत्त्यावर पाठवतो. "मी बरा आहे. आईला नमस्कार." त्याला अजून कुणी कळवलेलं नाही. मी तीनदा पत्र लिहायला बसलो. कुणीतरी ते आधी उघडून वाचणार, आणि मग त्याला कळणार, की आपली आई गेली. मी ते लिहीत नाही. बर्फात ठेवलंय. हे बरोबर नाही हे मला समजतं, आणि मावशी असत्या तर त्यांनी मला हेच सांगितलं असतं, हेही समजतं.

यादी आली की थंड खोलीत जातो. दार मागे आपोआप लागतं. वरून खालपर्यंत एक एक नाव वाचतो, मोठ्यानं, त्यांना वाचून दाखवायचो तसं. मग दगड तळहातावर घेतो, पालथा, आणि अंगठ्यानं दाबतो. दोनदा. अंगठ्याला दगड लागतो, गार. ताजं आहे की शिळं, ते मला अजून ओळखता येत नाही.